गाणाऱ्यांची नावं घरोघरी पोचवतं कोण?



जत्रेचे दिवस आले की आपल्या जिल्ह्यातल्या गावांतून भोंगा लावलेली रिक्षा फिरायला लागते. आज रात्री अमक्या फडाचा तमाशा, उद्या तमक्या पार्टीचा ऑर्केस्ट्रा. रिक्षातल्या माणसाचा आवाज आपल्याला पाठ होतो, त्याचं तोंड मात्र कुणाला आठवत नाही. पोस्टरवर गाणारणीचा फोटो असतो, ढोलकीवाल्याचं नाव असतं. पण ते पोस्टर कुणी लिहिलं, कुणाचं नाव ठळक आणि कुणाचं बारीक हे कुणी ठरवलं, ते त्या पोस्टरवर कुठंच नसतं. आज आम्ही या न दिसणाऱ्या माणसाबद्दल बोलणार आहोत. त्याला प्रसिद्धीप्रमुख म्हणतात. सिनेमावाले पीआर म्हणतात.

हा विषय निघाला तो भजनी मंडळांमुळं. मंडळातल्या बायका भेटल्या की आम्हाला हटकून एक प्रश्न येतो. आम्ही इतकं मन लावून गातो, मग बोलावणं शेजारच्या गावच्या मंडळालाच का येतं? त्यांचा गळा आमच्यापेक्षा चांगला आहे का? कधी असेलही. पण पुष्कळदा फरक गळ्याचा नसतो. त्यांचं नाव चार गावांत आधी पोचलेलं असतं, तुमचं पोचलेलं नसतं, एवढाच फरक असतो.

आपल्याकडं हे काम जुनं आहे. पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात नारायणगाव आहे. तिथं गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाफडांच्या राहुट्या लागतात. चैत्र-वैशाखातल्या जत्रांसाठी गावोगावचे पुढारी आणि यात्रा कमिटीवाले तिथं जातात, राहुट्या फिरतात, आणि सुपारी ठरवून येतात. सौदा होतो तो फडाच्या नावावर. नाव मोठं तर सुपारी मोठी. ज्यांच्या नावाभोवती गावं गोळा होत, त्या विठाबाई नारायणगावकर जन्मल्या आपल्या पंढरपुरात, १९३५ साली. १९५७ आणि १९९० अशी दोनदा त्यांना राष्ट्रपतींच्या हातून पदकं मिळाली. २००२ साली त्या गेल्या, पण त्यांचं शेवटचं आजारपण पैशाच्या ओढाताणीत गेलं. आता २००६ पासून राज्य सरकार त्यांच्या नावानं तमाशा कलावंतांना पुरस्कार देतं. नाव होणं आणि त्या नावाचा पैसा घरात येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एवढं मनात ठेवून पुढं ऐका.

कारण आता आम्ही तुम्हाला लांब नेणार आहोत, साठ वर्षांमागच्या इंग्लंडात. आपल्या फडांच्या मॅनेजरांनी केलेल्या कामाची वही फारशी कुणी जपली नाही. तिथल्या एका प्रसिद्धीप्रमुखानं मात्र आपलं काम कसं चालायचं ते म्हातारपणी पुस्तकात लिहून ठेवलं. त्यामुळं पडद्यामागचं आपल्याला बघता येतं.

लिव्हरपूल हे इंग्लंडमधलं बंदराचं शहर. लंडनवाल्यांच्या लेखी ते आडबाजूचं, जसं मुंबईवाल्यांना आपलं सोलापूर. तिथल्या साध्या घरांतली पोरं गिटार आणि ड्रम घेऊन कॅव्हर्न नावाच्या तळघरातल्या क्लबात गायची, कधी कधी तर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन. ड्रमवर आधी दुसरा मुलगा होता, १९६२ च्या ऑगस्टमध्ये रिंगो स्टार आला. हेच ते द बीटल्स. पुढं जगभर गाजले, पण १९६१ साली त्यांना लिव्हरपूलच्या बाहेर फारसं कुणी ओळखत नव्हतं.

तिथं ब्रायन एपस्टाईन नावाचा तरुण आपल्या घरच्या दुकानात गाण्याच्या रेकॉर्ड विकायचा. नोव्हेंबर १९६१ मध्ये त्यानं या पोरांना ऐकलं आणि तो त्यांचा मॅनेजर झाला. मॅनेजर म्हणजे फडमालकासारखा समजा. सुपाऱ्या घेणं, कपडे ठरवणं, पैशाचा हिशोब. त्यानं चामड्याची जाकिटं उतरवून मुलांना सूट घालायला लावले. पण लंडनचे पेपर त्यांच्याबद्दल चार ओळी छापत नव्हते. ते काम त्याला येत नव्हतं. त्याला दुसरा माणूस हवा होता.

तो माणूस म्हणजे टोनी बॅरो. हाही त्याच भागातला. सतरा वर्षांचा असल्यापासून लिव्हरपूलच्या पेपरात टोपणनावानं नव्या रेकॉर्डबद्दल लिहायचा. पुढं लंडनला डेक्का नावाच्या रेकॉर्ड कंपनीत लागला. तिथं त्याचं काम रेकॉर्डच्या कव्हरवरचा मजकूर लिहिण्याचं. एपस्टाईननं त्याच्या सदराला पत्र पाठवलं, आमच्या पोरांबद्दल लिहा. बॅरोनं सरळ कळवलं की माझं सदर रेकॉर्डबद्दल आहे, तुमची रेकॉर्ड निघाली की लिहीन. आम्हाला हे उत्तर फार आवडलं. ओळखीचा आहे, गावचा आहे, म्हणून काहीही छापायला तो तयार झाला नाही. पण त्यानं दुसरी एक गोष्ट केली. हा एपस्टाईन रेकॉर्डचा मोठा दुकानदार आहे, म्हणजे आपलं गिऱ्हाईक आहे, हे त्यानं आपल्या कंपनीतल्या विक्रीवाल्यांच्या कानावर घातलं. १९६२ च्या पहिल्याच दिवशी डेक्कानं पोरांची गाणी ऐकून घेतली. ऐकली आणि नाकारली! पुढं दुसऱ्या कंपनीनं घेतलं, आणि ५ ऑक्टोबर १९६२ ला त्यांची पहिली रेकॉर्ड आली, 'लव्ह मी डू'.

आता गंमत बघा. या रेकॉर्डसाठी पेपरवाल्यांना पाठवायची माहितीपत्रकं लिहिली टोनी बॅरोनं, आणि तेव्हा तो नोकरीला होता डेक्कातच, म्हणजे ज्यांनी पोरांना नाकारलं त्यांच्याचकडं. दिवसा एका कंपनीचा पगार आणि फावल्या वेळात दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डची जाहिरात. स्वतःच्या नावानं पाठवणं शक्य नव्हतं, म्हणून ती पत्रकं दुसऱ्या एका तरुणामार्फत गेली. १ मे १९६३ पासून मात्र तो एपस्टाईनकडं पगारी प्रसिद्धीप्रमुख म्हणून रुजू झाला.

त्या पत्रकांत होतं काय? गाणं किती छान आहे याचं कौतुक थोडं, पण त्याहून महत्त्वाची होती ती चौघांची वेगवेगळी माहिती. कोण काय वाजवतं, जन्म कधीचा, कुणाला काय आवडतं. विचार करा, एकाच वळणाचे केस, एकसारखे सूट, चार पोरं. लांबून बघणाऱ्याला ती सगळी एकच. आपल्याकडंसुद्धा एका रंगाच्या साड्या नेसून बारा बायका भजनाला बसल्या की बाहेरगावच्या माणसाला त्या 'मंडळ' म्हणून दिसतात, बाई म्हणून एकही दिसत नाही. बॅरोनं चौघांना वेगळं केलं. हा बोलायला तिखट, हा गोड, हा गप्प, हा विनोदी, अशी ओळख पेपरांतून पसरत गेली. मग ऐकणाऱ्या मुलींनी आपापला एकेक निवडला. ज्याला आपण निवडतो त्याची बातमी आपण शोधून वाचतो. प्रसिद्धीचं निम्मं काम इथंच झालं.

दुसरं, त्यानं त्यांना तोंडात बसेल असं एक नाव दिलं. 'फॅब फोर', म्हणजे 'भारी चौकडी' म्हणा. त्याच्या एका पत्रकातल्या शब्दांवरून ते पेपरवाल्यांनी उचललं. पेपरात मथळ्याला जागा थोडी असते, दोन शब्दांचं नाव मिळालं की संपादकाचं काम हलकं होतं. लोकांना काय आवडेल याआधी बातमी लिहिणाऱ्याला काय सोपं जाईल, हे प्रसिद्धीवाला बघतो. हे बॅरोला चांगलं कळत होतं, कारण तो स्वतः पेपरात लिहीत आला होता.

तो फेकायचाही. पहिल्या मोठ्या रेकॉर्डच्या कव्हरवर त्यानं लिहिलं की जॉन आणि पॉल यांच्याकडं स्वतः रचलेली इतकी गाणी पडून आहेत की १९७५ पर्यंत पुरतील. प्रत्यक्षात १९७० मध्येच चौघं वेगळे झाले.

पण मैत्रिणींनो, पत्रकानं गाणं वर चढत नाही. इतकं करूनही 'लव्ह मी डू' खपाच्या यादीत सतराव्या नंबरापर्यंतच गेलं. पुढचं गाणं, जानेवारी १९६३ चं, बहुतेक याद्यांमध्ये पहिल्या नंबरावर पोचलं. त्यानंतरच्या मोठ्या रेकॉर्डमधली चौदापैकी दहा गाणी त्यांनी एका दिवसात गाऊन दिली, कारण रोज क्लबात गाऊन गळा आणि हात तयार होते. प्रसिद्धीवाला दार उघडून देतो. आत गेल्यावर गावं लागतं. १३ ऑक्टोबर १९६३ ला ते लंडनमधल्या पॅलेडियम थिएटरातून टीव्हीवर दिसले, दुसऱ्या दिवशी पेपर त्यांच्या बातम्यांनी भरले, आणि बॅरोचं काम उलटं झालं. काल तो पेपरवाल्यांना फोन करायचा, आता पेपरवाले त्याला करायला लागले. आता कुणाला 'हो' म्हणायचं आणि कुणाला 'नाही', हे त्याला ठरवावं लागे.

असा झपाटा आपण जवळून पाहिला आहे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे, त्यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला आला. अजय-अतुल यांची गाणी त्याच्या आधीच लग्नाच्या वरातीत वाजायला लागली होती. अकलूजच्या रिंकू राजगुरूला राष्ट्रीय पुरस्कारात विशेष दाद मिळाल्याची बातमी सिनेमा यायच्या महिनाभर आधी आली. सिनेमा यायच्या आधी गाणी घरात आणि मुलीचं नाव पेपरात, म्हणजे अर्धी वाट आधीच झालेली. पुढं काय झालं तेही आठवा. गर्दीमुळं त्या मुलीला नेहमीसारखं शाळेत जाणं जमेना, दहावीची परीक्षा बाहेरून फॉर्म भरून द्यावी लागली. प्रसिद्धीचा भोंगा सुरू करता येतो, पाहिजे तेव्हा बंद करता येत नाही.

आणि आता ज्यासाठी आम्ही ही सगळी गोष्ट काढली तिकडं येतो. प्रसिद्धीवाला जसं दाखवतो, तसं झाकतोही. बीटल्सच्या गोष्टीत झाकली गेली ती एक बाई.

जॉनचं लग्न झालं होतं. २३ ऑगस्ट १९६२ ला, पहिली रेकॉर्ड यायच्या आधीच. बायकोचं नाव सिंथिया. तिला दिवस गेले होते. एप्रिल १९६३ मध्ये मुलगा झाला. पण गाणाऱ्या तरुणाला बायको आहे हे कळलं तर मुली रेकॉर्ड घेणार नाहीत, असं मॅनेजरचं म्हणणं पडलं. म्हणून लग्न गुपित ठेवलं. नवरा घरोघरी पोचलेला आणि त्याची बायको पोर कडेवर घेऊन स्वतःच्याच गावात तोंड चुकवत फिरते. १९६३ सरता सरता पेपरवाल्यांनी शोधून काढलंच. आणि झालं काय? काही नाही. रेकॉर्डी आणखीनच खपल्या. ज्या भीतीपोटी त्या बाईला वर्षभर लपवलं ती भीतीच पोकळ निघाली.

आता याच्या बरोबर उलटी गोष्ट ऐका. चाहत्यांचा एक क्लब होता. वर्गणी भरायची, मग फोटो आणि माहितीचं पत्र घरी येणार. त्याच्या लंडन कचेरीतून येणाऱ्या पत्रांवर सही असायची 'अ‍ॅन कॉलिंगहॅम' या सेक्रेटरीबाईंची. ही बाई नव्हतीच. ते नाव बॅरोच्या कचेरीनं तयार केलं होतं, आणि तिथल्या वेगवेगळ्या मुली त्या नावानं सह्या करत. असलेली बायको नाही म्हणून सांगितली, नसलेली सेक्रेटरी आहे म्हणून सांगितली. दोन्ही प्रसिद्धीच्याच सोयीसाठी.

खरं राबत होती ती लिव्हरपूलची फ्रीडा केली. कचेरीत टायपिंग करणारी मुलगी, सतरा वर्षांची असताना एपस्टाईननं तिला कामावर घेतलं. चाहत्यांच्या पत्रांचं काम तिच्याकडं आलं. सुरुवातीला तिनं पत्रांसाठी आपल्या घरचाच पत्ता दिला. मग काय, घरी पत्रांचा असा ढीग पडायला लागला की घरची बिलं त्यात हरवायची आणि वडील संतापायचे. एका मुलीनं उशीचा अभ्रा पाठवला, रिंगोला यावर झोपायला सांगा म्हणून. फ्रीडानं तेही करून घेतलं आणि अभ्रा परत पाठवला. कुणी केसांची बट मागायचं. फ्रीडा खरेच केस पाठवायची. मदतीला घेतलेल्या मुलींनी भलतेच केस पाकिटात घातल्याचं लक्षात आलं तेव्हा तिनं त्यांना कामावरून काढून टाकलं. सुमारे दहा वर्षं तिनं हे काम केलं, आणि कुणाच्या घरातलं काही बाहेर सांगितलं नाही. २०१३ साली तिच्यावर माहितीपट निघाला तेव्हा कुठं जगाला तिचं नाव कळलं. आमचं मत विचाराल तर बॅरोच्या पत्रकांनी चाहते मिळाले, पण टिकले ते फ्रीडाच्या पत्रांमुळं.

बॅरोलाही हे कळत होतं. १९६३ च्या शेवटी सभासद इतके वाढले की पत्रांना उत्तरं जाईनात आणि तक्रारी यायला लागल्या. तेव्हा त्यानं तोड काढली. चौघांच्या आवाजातली, गप्पा आणि थट्टामस्करीची एक पातळ तबकडी नाताळला सगळ्या सभासदांना फुकट पाठवायची. बाजारात ती विकायची नाही. उत्तर उशिरा मिळालेल्या मुलीला वाटलं, हे तर माझ्याशीच बोलतायत. १९६९ पर्यंत दर नाताळला अशी तबकडी निघत राहिली.

आता आपलं. प्रसिद्धीप्रमुख पगारावर ठेवण्याएवढे पैसे आपल्या मंडळाकडं नसतात. पण बॅरोनं केलं त्यातलं बरंच काही एका बैठकीत होण्यासारखं आहे. एक साधं पत्रक लिहा. पहिल्या दोन ओळींत मंडळाचं नाव, गाव, तालुका, कार्यक्रम कशाचा, कुठं, किती वाजता. 'सुप्रसिद्ध', 'लोकप्रिय' असले शब्द काढून टाका, त्यानं बातमीदार वैतागतो. त्यापेक्षा तुमच्यात वेगळं काय ते लिहा. तुमची पेटीवाली कुठं शिकली? मृदंग वाजवणारी बाई आहे का? सासू-सून एकत्र गातात का? तुमचं भारूड दुसरीकडं ऐकायला मिळत नाही का? मंडळाला लांबलचक नाव असेल तर लोकांच्या तोंडी बसलेलं लहान नाव शोधा. फोटो एकच पाठवा, पण स्वच्छ, आणि त्याखाली डावीकडून उजवीकडं प्रत्येकीचं नाव. 'इतर महिला' असं अजिबात लिहू नका. पत्रक दुपारच्या आत बातमीदाराच्या हातात पडलं तर दुसऱ्या दिवशी छापून यायला वाव राहतो. अक्कलकोटकडं कार्यक्रम असेल तर चार ओळी कन्नडमध्येही लिहून घ्या, सोलापूर शहरात विणकर वस्तीत असेल तर तेलुगूत.

तुमचं नाव करून देतो, व्हिडिओ सगळीकडं फिरवतो म्हणून पुढं येणारे लोकही भेटतील. त्यांना आधी विचारायचं की तुम्ही नेमकं काय करणार, किती दिवसांत, आणि पैसे कशाचे. व्हिडिओ कुणाच्या नावानं टाकणार, त्यातून पैसे आले तर कुणाच्या खात्यात जाणार, हे कागदावर लिहून त्यांची सही घ्यायची. मंडळाच्या ठरावाच्या वहीतही नोंद करायची. कुणी म्हणालं की या बाईला मागं बसवा, ही जरा वयस्कर दिसते, किंवा हिचं आडनाव पत्रकात नको, तर तो निर्णय त्याला घेऊ देऊ नका. ज्या बाईबद्दल बोलणं चाललंय तिला समोर बसवून विचारा.

राहता राहिला मोबाईल नंबर. बहुतेक मंडळं पत्रकावर सगळ्यात तरण्या, शिकलेल्या मुलीचा नंबर घालतात, कारण तिला फोन नीट वापरता येतो. मग रात्री-अपरात्री फोन येतात आणि घरचे तिलाच बोलतात. फ्रीडाच्या वडिलांसारखेच. त्यापेक्षा मंडळाच्या नावानं एक वेगळं सिमकार्ड घ्या, साधा फोन चालेल. तो महिन्याला एकीकडं, असा पाळीपाळीनं ठेवा, आणि पत्रकावर लिहा: फोन सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा.